फायबरच्या जुन्या होडीतले कुजलेले लाकूड: माझा अनुभव

मालवणला वापरलेली फायबरची होडी पाहायला गेलो तेव्हा तिचा रंग नवा होता आणि बाहेरून कुठेही तडा दिसत नव्हता. पण अशा होडीत आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, तिच्या आत बहुधा प्लायवुड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत राहिले की ते फायबरच्या दोन थरांमध्ये कोणाला न दिसता कुजते. म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ती फळी वीतवीतभर अंतरावर ठोकत गेलो. वरच्या बाजूला टणटणीत आवाज येत होता, खाली पाणी निघण्याच्या भोकाजवळ मात्र तो बद्द झाला. मग इंजिन वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने दाबला, तर फळी किंचित लवली.

मालकांच्या परवानगीने आतल्या बाजूने ६ मिमीचे एक भोक पाडले. निरोगी लाकडाचा भुसा फिका आणि कोरडा निघतो. इथे ड्रिलला काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा चिकटून आला. (ओलावा मोजायच्या यंत्रावर मी विसंबत नाही, कारण खारे पाणी त्याला फसवते.)

दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत ठरली. आतला फायबर कापून कुजके लाकूड पूर्ण काढले, फळी नीट वाळू दिली आणि आयएस ७१० मरीन प्लाय (होड्यांसाठीच्या भारतीय मानकाचे प्लायवुड) इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बसवून वर काचेच्या मॅटचे थर दिले. बोल्टची भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यातच पुन्हा योग्य मापाची पाडली, म्हणजे पाणी आता लाकडापर्यंत पोहोचत नाही.