पट्ट्यांची यादी उघडेना, तेव्हा

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका आडत्याकडे आमचं लॅराव्हेल या वेब फ्रेमवर्कवरचं हिशेबाचं ॲप चालतं. सकाळच्या गर्दीत पट्ट्यांची (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची) यादी उघडेना, शेतकरी ताटकळत उभे. सगळे म्हणाले, मोठा सर्व्हर घ्या. मी आधी क्वेरींचा, म्हणजे डेटाबेसला जाणाऱ्या विनंत्यांचा, लॉग पाहिला. प्रत्येक पट्टीमागे शेतकऱ्याचं नाव आणायला वेगळी क्वेरी जात होती! लॅराव्हेलचं 'विथ' लावून सगळी नावं एका क्वेरीत आणली.

तरी तोलाईच्या नोंदी रेंगाळतच होत्या. क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन ॲनालाइझ'मध्ये अख्खं टेबल चाळलं जाताना दिसलं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, आणि तो फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) आपोआप इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन बनवतं, त्यामुळे तिकडून आलेल्यांनी हे जरूर तपासावं. इंडेक्स 'कॉन्करंटली' हा पर्याय लावून बनवला, त्यामुळे चालू नोंदी अडल्या नाहीत. सर्व्हर जुनाच आहे, पट्टी मात्र लगेच निघते.