सेवेला निघताना मच्छरदाणी आधी भरा

पाचारण झालं, म्हणजे देवानं सेवेला बोलावलं, की हाल आलेच, असं आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. मी नर्स, नवरा सुवार्तिक. उमेदीची सगळी वर्षं आम्ही शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर सेवेत काढली, आता कळव्यात असतो. नंदुरबार, गडचिरोली, पार ओडिशाकडे निघालेली तरुण मुलं-मुली जाण्याआधी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

विश्वासासाठी सोसावं लागतं ते दुःख वेगळं. १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी जीव दिला, विश्वास सोडला नाही. त्यांच्यापुढे मी मान लववते. पण पाणी न उकळता प्यायल्यामुळे आलेली कावीळ म्हणजे वधस्तंभ नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं वारले. तेव्हा पटकीवर खात्रीचा इलाज कुणालाच ठाऊक नव्हता. आज ओआरएसचं पाकीट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. हॉलसाहेबांना जे टाळता आलं नाही ते तुम्हाला टाळता येतं, म्हणून टाळायचं.

सामानात पहिली मच्छरदाणी भरा, पुस्तकं नंतर. पाड्यावर खालीच अंथरूण असतं. मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि माणूस पित्त झालं समजून पडून राहतो. मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली, गादी नसेल तर चटईखाली, नीट खोचा. नुसत्या खाली सोडलेल्या कडांतून डासही येतो आणि सापही. बॅटरी उशाशी हवी. दंश झालाच तर ब्लेडनं चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही; चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. त्यासाठी गावात पोहोचल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवा: सर्पदंशावरचं इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, रात्री तिथे डॉक्टर असतात का, १०८ ला फोन लावायला रेंज कुठे मिळते.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायला द्या. उपासप्रार्थना जरूर करा, पण रक्त देऊन आल्यावर. जुलाब लागले आणि पाकीट संपलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. माप चुकवू नका, जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरतं.

झोपेबद्दलही बोलते, कारण तिची लाज वाटणारे सेवक मी फार पाहिले आहेत. रात्री अकराला कुणी प्रार्थनेला बोलावलं की जायचं, पहाटे चारला उठायचं, आणि सहा महिन्यांत कुणाशीच धड बोलवत नाही. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगराची वाट त्यानंतरची. आठवड्यातला एक दिवस तुमचा ठेवा. रविवार तो नव्हे, रविवारी तुम्ही राबता. कुठला ते गावाला सांगून टाका. लोक समजून घेतात.

आता पैसे. ‘देव पुरवील’ यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच त्यानं हाताशी दिलेलं सोडू नका म्हणते. आमच्या ओळखीतले एक पाळक सेवेत असतानाच वारले. महिन्याभरात त्यांच्या पत्नीला संस्थेची खोली सोडावी लागली, नावावर काहीच नव्हतं. म्हणून निघण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या: मानधन किती, आजारपणाचा खर्च कोण करणार, रजा किती, आणि तुमच्यामागे कुटुंबानं राहायचं कुठे. हे विचारलं म्हणून ज्यांना तुमच्या विश्वासाची शंका येते, त्यांच्याकडे जाण्याआधी पुन्हा विचार करा.

बँकेत जाऊन पंतप्रधान योजनांतले सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) आणि जीवनज्योती विमा (४३६ रुपये) दोन्ही सुरू करा. पहिला अपघाताचा, दुसरा कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी. दोन्हींची रक्कम २ लाख. जीवनज्योती पन्नाशीच्या आतच सुरू करता येते. अटल पेन्शनला चाळिशीच्या आत नाव घालावं लागतं, आणि आयकर भरत असाल तर मिळत नाही. आरोग्य विमा निघण्याआधीच काढा, कारण आधीपासून असलेल्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. परदेशातली ओळखीची मंडळी सेवेसाठी थेट तुमच्या खात्यावर पैसे पाठवतो म्हणाली तर प्रेमानं नको म्हणा. ती देणगी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच यायला हवी.

लग्न झालेल्यांना एक विचारते आणि ते दोघांना वेगवेगळं विचारते: पाचारण तुला झालंय का? मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथीबाईंनी आधी साफ नकार दिला होता, शेवटच्या घटकेला त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा लहानगा मुलगा पीटर गेला आणि त्यांचं मन कायमचं ढळलं. १८०७ मध्ये वारेपर्यंत त्या सावरल्या नाहीत. कॅरींच्या भाषांतरांचं कौतुक आपण करतो, करावंच. डोरोथीबाईंचं नाव आपल्या उपासनेत मी क्वचितच ऐकलं आहे. बायको तयार नसेल तर वर्षभर थांबा. गेल्यावर तिथली भाषा दोघांनी एकत्र शिका. नवरा बाहेर हिंडून बोलायला लागतो, ती चुलीपाशी मुकी राहते, असं होऊ देऊ नका. विहिरीवर, बाजारात तिला तिच्या मैत्रिणी हव्यात. मुलांच्या शाळेचं जाण्याआधी ठरवा, गेल्यावर बघू म्हणू नका.

आणि घरी यायची तारीख. मंडळीतल्या एकाच माणसाला तुमचा खरा हालहवाल कळवायची जबाबदारी द्या, दर महिन्याला. पाठिंबा देणाऱ्यांना जातं ते पत्र वेगळं. या एका माणसाला रडगाणंसुद्धा लिहिता आलं पाहिजे. प्रेषित पौलानं तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला काय लिहिलं? त्रोवस शहरात राहिलेला झगा आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. आपल्याला काय हवं ते मागायला तो कचरला नाही. वर्षातून एकदा तरी घरी या, जमल्यास उन्हाळ्यात, पाड्यांवर पाण्याचे हाल होतात तेव्हा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच परतीचं तिकीट काढा आणि तारीख मंडळीला लगेच कळवा, म्हणजे सुट्टीत दर रविवारी तुम्हाला संदेशाला उभं करायचं नाही हेही त्याच वेळी ठरवता येतं.