वॉल्व्ह लीक आहे? गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘माइट्रल वॉल्व्ह लीक’, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप गळते, असं आलं की घरचे आधी विचारतात, “गोळ्यांनी बरं होईल ना?” झडपच खराब झाली असेल तर कुठलीही गोळी ती दुरुस्त करत नाही, हृदयावरचा भार तेवढा हलका करते. बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यानेच होतात.

दम थांबला की पाण्याची गोळी बंद करणं, ही त्यातली पहिली. माइट्रल झडप नीट मिटत नाही तेव्हा दर ठोक्याला थोडं रक्त मागे डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, जातं. तिथला दाब फुप्फुसांवर येतो आणि आडवं पडलं की दम लागतो. फ्युरोसेमाइडसारखी गोळी जादा पाणी लघवीवाटे काढून हा दाब उतरवते, गळती मात्र चालूच असते. विडी वळणाऱ्या बायका किंवा साच्यावरचे (यंत्रमागावरचे) कामगार कामातून सारखं उठावं लागतं म्हणून सकाळची गोळी चुकवतात आणि मग रात्री उशांची चळत लावून बसून काढतात. गोळीची वेळ बदलता येते, डॉक्टरांना तसं सांगा. रोज सकाळी वजन करा; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पाणी साचतंय.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर गेला की उलटं होतं. घाम किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हीच गोळी चक्कर आणते, किडनीवर ताण देते. अशा वेळी डोस मनाने ठरवू नका, फोन करा.

शेंगाचटणी, पापड, लोणचं यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही तेच करते.

दुसऱ्याची गोळी घेणं तर फारच धोक्याचं. महाधमनीची झडप गळते तेव्हा रक्त परत येतं ते हृदय सैल पडतं त्या वेळात. मेटोप्रोलॉल या गोळीने नाडी मंदावली की तो वेळ लांबतो आणि मोठ्या गळतीत जास्त रक्त परत येऊ शकतं. मात्र स्नायू दुबळा होऊन हृदय पसरल्यामुळे माइट्रल झडप गळत असेल, तर याच गोळीसकट योग्य औषधांनी गळती खरोखर कमी होऊ शकते. म्हणून मेव्हण्याला लागू पडलेलं तुम्हाला पडेलच असं नाही.

आणि “ईएफ ६० टक्के, म्हणजे हृदय ठणठणीत” ही समजूत सोडा. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डाव्या जवनिकेतलं (खालच्या कप्प्यातलं) किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा. माइट्रल गळतीत रक्ताला मागे जायची सोपी वाट मिळते, त्यामुळे हा आकडा फुगून दिसतो. गळती तीव्र असेल आणि ईएफ ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनानंतर डाव्या जवनिकेची रुंदी ४० मिलिमीटर किंवा जास्त झाली, तर काही त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार करावा लागतो. दिलेल्या तारखेलाच इको करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे आकडे कुठे सरकलेत ते डॉक्टरांना ताडून पाहता येईल.