रोस ऑम्लेटची लाईन आणि गॅमाचं उत्तर झेड टेबलातून कसं काढायचं

शनिवारी रात्री पणजीत रोस ऑम्लेटच्या (रस्सा ओतलेलं ऑम्लेट, सोबत पाव) गाड्यावर उभा होतो, पुढे 24 जण, मी पंचविसावा, आणि घरून फोन, तासाभरात येतोस ना? आता हा प्रश्न सरळ गॅमा डिस्ट्रिब्युशनचा आहे, म्हणजे असे बरेच वेळ मिळवले की बेरीज कशी पसरते त्याचा. एका गिऱ्हाइकामागे सरासरी 2 मिनिटं धरू. कोणी एकच प्लेट घेऊन अर्ध्या मिनिटात सुटतो, कोणी अख्ख्या घराचं पार्सल सांगतो नि आपण पाव मोजत बसतो, त्यामुळे प्रत्येकाचा वेळ एक्स्पोनेन्शियल (बहुतेक वेळ छोटे, क्वचित एखादा खूप लांब) धरला तरी चालेल. असे 25 स्वतंत्र वेळ मिळवले की गॅमा, शेप (किती वेळ मिळवले) 25, स्केल (एकाची सरासरी) 2.

आधी मीन म्हणजे सरासरी काढा, शेप गुणिले स्केल, 50 मिनिटं. मग स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, वेळ सरासरीभोवती किती पसरतो ते), शेपचं वर्गमूळ गुणिले स्केल, म्हणजे 5 गुणिले 2, 10. (इथे बरेच जण वर्गमूळ विसरतात, मीपण विसरायचो.)

आता 60 मधून 50 वजा, भागिले 10, झेड आला 1. म्हणजे मीनपासून एक एसडी दूर. झेड टेबल नॉर्मलचं, म्हणजे घंटेसारख्या सममित वक्राचं असतं, त्यात बघा, त्याच्या पलीकडे 0.159 उरतं, म्हणजे तासापेक्षा जास्त लागायचा चान्स साधारण 16 टक्के. खरं गॅमाचं उत्तर 0.157 च्या आसपास, छान जुळलं.

पण लगेच खूश होऊ नका, 70 मिनिटांसाठी करून बघा. झेड 2, नॉर्मल म्हणतो 0.023, खरं उत्तर सुमारे 0.032. गॅमाची उजवी शेपटी लांब असते, स्क्युनेस (एका बाजूला झुकलेपणा) 2 भागिले शेपचं वर्गमूळ, आपल्याकडे 0.4, आणि ती शेपटी नॉर्मलला दिसतच नाही.

त्यावर विल्सन आणि हिलफर्टी यांची 1931 ची युक्ती आहे, वेळेला मीनने भागा आणि घनमूळ घ्या, ते बरंचसं नॉर्मल वागतं. त्याचा मीन 1 वजा 1 भागिले (9 गुणिले शेप), इथे 0.9956, व्हेरियन्स (एसडीचा वर्ग) 1 भागिले (9 गुणिले शेप), म्हणजे एसडी 0.0667. 70 भागिले 50 चं घनमूळ 1.1187, झेड 1.85, उत्तर 0.032. मला तरी ही जादूच वाटते.

लाईनीत दोघंच असतील तर मात्र साधा नॉर्मल नकोच रे बाबा. मीन 4, एसडी 2.83, आणि तो सांगतो की प्लेट शून्यापेक्षा कमी मिनिटांत मिळायचा चान्स 8 टक्के!