रेडिसमधील ‘सेट’ कमांड: मूल्य साठवताना मुदतही सांभाळा

साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेडिस या की-व्हॅल्यू (म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्या ठेवणाऱ्या) डेटाबेसमध्ये मूल्य साठवण्याची मूळ कमांड ‘सेट’ ही आहे. ती शिकायला दोन मिनिटे पुरतात, आणि बहुधा त्यामुळेच तिच्या पर्यायांकडे दुर्लक्ष होते. सर्व्हर चालू करून (तो सहसा ६३७९ या पोर्टवर असतो) रेडिस-सीएलआय हा कमांड टाइप करण्याचा प्रोग्रॅम उघडावा आणि पुढील ओळी एकेक करून पाहाव्यात. येथे कमांड देवनागरीत दिल्या असल्या, तरी त्यांची नावे, पर्याय आणि आकडे प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप करायचे आहेत.

सेट गाव:१ पुणे

उत्तर ‘ओके’ असे येते. ‘गाव:१’ ही की आणि ‘पुणे’ हे तिचे मूल्य. कीमधील विसर्गासारखे दिसणारे चिन्ह म्हणजे साधा कोलन असून तो केवळ नावे नीट लावण्यासाठी वापरला जातो; रेडिसच्या दृष्टीने त्याला वेगळा अर्थ नाही. मूल्यात मोकळी जागा असेल, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावे. कमांडचे नाव लहान किंवा मोठ्या अक्षरांत लिहिले तरी चालते. कीच्या बाबतीत मात्र लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक केला जातो.

मराठी मजकूर साठवणारा येथे हमखास बुचकळ्यात पडतो. ‘गेट गाव:१’ असे विचारल्यावर पडद्यावर ‘पुणे’ न दिसता तिरप्या रेघा आणि आकडे-अक्षरांची रांग दिसते. मूल्य बिघडलेले नसते. रेडिस बाइट जसेच्या तसे ठेवतो, आणि रेडिस-सीएलआय ते सांकेतिक रूपात दाखवतो. तो ‘रॉ’ पर्यायासह सुरू केल्यास अक्षरे नीट दिसतात. ‘एसटीआरलेन’ या कमांडने लांबी विचारली, तर ‘पुणे’साठी १२ हे उत्तर मिळते, कारण त्यातील दोन अक्षरे आणि दोन मात्रा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात. एका मूल्याची कमाल मर्यादा मूळ सेटिंगनुसार ५१२ मेगाबाइट असल्याने साध्या वापरात ही तिप्पट जागा अडचणीची ठरत नाही. देवनागरी आकडा मूल्य म्हणून साठवता येतो, पण रेडिसच्या लेखी तो मजकूर असतो. त्यावर ‘इन्कर’ ही एकाने वाढवणारी कमांड चालवली, तर मूल्य पूर्णांक नसल्याची त्रुटी मिळते.

आता मुदतीकडे वळू. मोबाइलवर पाठवलेला ओटीपी पाच मिनिटांनी आपोआप नाहीसा व्हावा, असे समजू.

सेट ओटीपी:७१२ ४८२९१३ ईएक्स ३००

‘ईएक्स’नंतर सेकंद येतात, मिलिसेकंद हवे असल्यास ‘पीएक्स’ वापरावे. ‘टीटीएल ओटीपी:७१२’ विचारल्यास उरलेले सेकंद कळतात. उत्तर उणे एक आले, तर की आहे पण तिला मुदत नाही. उणे दोन आले, तर कीच नाही.

‘सेट’ जुन्या मूल्याबरोबर त्याची मुदतही पुसून टाकते, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. वरच्याच कीवर ‘ईएक्स’ न लिहिता नवा ओटीपी ठेवला, तर ‘ओके’ मिळते, टीटीएल उणे एक होते आणि तो ओटीपी कोणी पुसेपर्यंत तसाच राहतो. त्याचप्रमाणे त्या कीवर आधी यादी किंवा हॅश (एकाच कीखाली नाव-मूल्याच्या अनेक जोड्या) असेल, तर ‘सेट’ कोणतीही विचारणा न करता ती मोडून तेथे साधे मूल्य ठेवते. आवृत्ती ६.० पासून ‘कीपटीटीएल’ हा पर्याय मिळतो. तो शेवटी जोडल्यास जुनी मुदत टिकते. मोजणीसाठी मात्र ‘सेट’ऐवजी ‘इन्कर’च वापरावी, कारण ती मुदतीला हात लावत नाही. एक खाच तिच्यातही आहे: की नुकतीच संपलेली असेल, तर ‘इन्कर’ नवी की तयार करते, आणि त्या नव्या कीला मुदत नसते.

‘एनएक्स’ हा पर्याय की नसेल तरच मूल्य ठेवतो आणि ‘एक्सएक्स’ ती असेल तरच ठेवतो. अट न जुळल्यास ‘ओके’ऐवजी ‘निल’ येते. एकच काम दोन सर्व्हरांनी एकाच वेळी करू नये म्हणून कुलूप लावायचे असेल, तर ‘एनएक्स’ आणि मुदत एकत्र द्यावी:

सेट कुलूप:अहवाल क७फ९ एनएक्स पीएक्स ३००००

जुन्या प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘सेटएनएक्स’ आणि त्यामागोमाग ‘एक्सपायर’ अशा दोन कमांड आढळतात. त्या दोहोंच्या मध्येच प्रोग्रॅम बंद पडला, तर कुलूप कायमचे लागून राहते, म्हणून तशी जोडी दिसेल तेथे ती बदलून टाकावी असे माझे मत आहे. ‘क७फ९’च्या जागी दर वेळी नवे यादृच्छिक मूल्य असावे. कुलूप काढताना ते मूल्य आपलेच आहे का, ही तपासणी आणि कीचे उच्चाटन एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये (सर्व्हरवरच अखंड चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) करावे. एरवी आपल्या कुलपाची मुदत संपल्यावर दुसऱ्याने लावलेले कुलूप आपल्याच हातून निघते.

नवे मूल्य ठेवताना जुनेही परत हवे असल्यास आवृत्ती ६.२ पासून ‘सेट’मध्येच ‘गेट’ हा पर्याय जोडता येतो. त्या कीवर यादी किंवा हॅश असल्यास मात्र तो प्रकार न जुळल्याची त्रुटी देतो आणि काहीही बदलत नाही, म्हणजे साध्या ‘सेट’पेक्षा येथे तो अधिक सावध आहे.

‘ओके’ मिळाले म्हणजे मूल्य सर्व्हरच्या मेमरीत पोहोचले. ते डिस्कवर गेलेच असे नाही. प्रत्येक बदल फाइलमध्ये नोंदवणारी एओएफ सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. ती चालू करून दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याचे नेहमीचे धोरण ठेवले, तरी वीज गेल्यास शेवटच्या सुमारे एका सेकंदातील बदल गमावले जाऊ शकतात. ओटीपीच्या बाबतीत तेवढे चालते, कारण वापरकर्ता तो पुन्हा मागवू शकतो. पैशांच्या व्यवहाराची नोंद मात्र आधी मुख्य डेटाबेसमध्ये करावी आणि त्यानंतरच तिची प्रत ‘सेट’ने रेडिसमध्ये ठेवावी.