'द ब्रिज ऑफ सॅन लुइस रे' वाचनकट्ट्यावर कसं वाचावं

थॉर्नटन वाइल्डरची १९२७ची ही कादंबरी छोटी, म्हणून एका रविवारात उरकावीशी वाटते. तसं केलं की चर्चा 'ज्याचं त्याचं प्रारब्ध' इथंच संपते. भाग पाच आहेत, बैठकाही पाच ठेवा. आठ-दहा जण, दीड तास. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी मोठ्याने वाचलेलं ऐकू येत नाही. दादर-माहीमकडचं कुणाचं घर बरं.

पहिला भाग तिथेच वाचा. २० जुलै १७१४, शुक्रवारची दुपार. पेरूमधला पूल तुटतो, पाच जण दरीत पडतात. देवाने नेमके हेच का निवडले, हे ब्रदर ज्युनिपर हा फ्रान्सिस्कन साधू शोधू लागतो. यापूर्वी त्याने साथीत दगावलेल्या पंधरा आणि वाचलेल्या पंधरा गावकऱ्यांना चांगुलपणा, भक्ती आणि उपयुक्तपणा यांसाठी दहापैकी गुण दिलेले असतात. हा तक्ता कार्डशीटवर आखा. दर बैठकीला त्या भागातल्या मृतांना गुण द्या, पण पेन्सिलने, कारण ते बदलतात. मृतांतल्या मार्केसा या सरदारणीला सुरुवातीला सगळे कमी गुण देतात: लेकीला पत्रांवर पत्रं लिहून जीव नकोसा करणारी आई. मग तिच्या सोबतीला असलेल्या पेपिटा या मुलीचं न पाठवलेलं पत्र तिच्या हाती पडतं, आणि खोडरबर शोधावं लागतं.

मधल्या तीन भागांत एकच जागा हेरायची: माणूस नव्याने जगायचं ठरवतो ते पान. मार्केसा धीर धरायला शिकते, जुळा भाऊ गमावलेला एस्तेबान समुद्रावर जायला तयार होतो, कामिला या नटीचा गुरू अंकल पिओ तिच्या लहानग्या हाइमेला शिकवायला लिमाला नेतो. लगेच पूल. एस्तेबानला समुद्रावर नेणारा कॅप्टन अल्वाराडो मात्र सामानासोबत खाली ओढ्याकडे उतरलेला, म्हणून वाचतो. या वाक्यापाशी थांबाच, घाई करू नका.

मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची २०१७ची चेंगराचेंगरी कुणीतरी काढणारच. अडवू नका, बोलू द्या. पण 'त्यांचं कर्म' असं कुणी म्हणालं, तर तक्ता पुढे करा आणि हाइमेचे गुण विचारा. तो लहान मुलगा आहे. कर्माचा हिशोब तिथे अडतो.

शेवटच्या बैठकीत ज्युनिपरला त्याने या शोधावर लिहिलेल्या ग्रंथासकट जाळतात. तो भाग झाला की तक्ता उलटा ठेवा आणि मागे उरलेल्यांची यादी काढा: पेपिटाला वाढवणारी मठाची प्रमुख, कामिला, मार्केसाची लेक डोन्या क्लारा. शेवटची दोन पानं एकाच आवाजात वाचा, आणि त्यानंतर पाच मिनिटं चहा आणू नका.