नीट दिसतंय म्हणून डोळ्याच्या पडद्याची तपासणी टाळू नका

मधुमेह असलेल्यांना डोळे तपासलेत का विचारलं, की हमखास उत्तर येतं, "हो, आत्ताच नवा चष्मा केला." सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. चष्म्याच्या दुकानात नंबर कळतो, डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) अवस्था नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. (थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, उजेड खुपतो. गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या.)

पडद्याला प्राणवायू फार लागतो. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली, की तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना सूक्ष्म फुगे येतात, पाझर सुरू होतो, काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळालेला भाग मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या वाहिन्या फुटू लागतात. पण त्या इतक्या नाजूक असतात, की सहज फाटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. तोपर्यंत पडद्याचा मध्यभाग शाबूत असेल तर माणूस आरामात पेपर वाचत असतो!

म्हणून टाइप २ मधुमेहाचं निदान होताच पडदा तपासून घ्या, टाइप १ असेल तर निदानापासून पाच वर्षांच्या आत. पुढे साधारण दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर सुरुवातीच्याच महिन्यांत. आणि फक्त शुगरकडे बघून बीपी सोडून देऊ नका. त्याचाही मार याच वाहिन्यांवर बसतो.

"लेझर केलं, तरी नजर सुधारली नाही" ही तक्रार फार ऐकू येते. नव्या वाहिन्यांसाठीचं लेझर पडद्याच्या कडेचा, रक्त कमी पडलेला भाग जाळून प्राणवायूची मागणी घटवतं. आहे ती नजर टिकवणं हे त्याचं काम. व्हीईजीएफला रोखण्यासाठी डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांचं उलट होतं. बरं दिसू लागलं की लोक पुढची तारीख चुकवतात. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो आणि पाझरामुळे पडद्यावर आलेली सूज परत येते.

एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता गेली तर मात्र मोतीबिंदू असेल म्हणून थांबू नका. पडद्याची मुख्य धमनी बंद झालेली असू शकते, आणि पडदा काही तासांतच कायमचा निकामी होतो. काही मिनिटांनी दिसू लागलं तरी ती पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात त्याच क्षणी निघा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.